बीपी एकच, मग गोळ्या तीन कशाला? पेशीच्या दारांची गोष्ट

आत्याच्या औषधाच्या डबीत रोज सकाळच्या कप्प्यात तीन गोळ्या असतात: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. दिवाळीत करंज्या भरता भरता तिनं विचारलं, "अरे, बीपी एकच आहे ना? मग गोळ्या तीन कशाला? एकच जरा मोठी दिली तर नाही का चालणार?" फराळाच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहिलं. ते आता नीट सांगतो, कारण हा प्रश्न फार योग्य आहे आणि तिच्यासारखे लाखो लोक न विचारताच गोळ्या गिळतात. भारतात आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. म्हणजे दर तीन माणसांत एकाहून जास्त.

थोडक्यात उत्तर असं: बीपी एकच असलं तरी ते वाढतं पेशींच्या दारांमुळे, आणि ही दारं अनेक आहेत, वेगवेगळ्या अवयवांत आहेत. एक गोळी सगळी दारं सांभाळू शकत नाही. पण ही दारं म्हणजे काय, त्यांतून काय ये-जा करतं आणि त्याचा हाताला बांधलेल्या पट्ट्यातल्या आकड्याशी काय संबंध, हे कळलं नाही तर उत्तर कोरडंच राहील.

फोडणीच्या तेलात मिठाचा खडा टाकून पाहा. तेल तापलं तरी मीठ विरघळत नाही, खडा तळाशी तसाच बसतो. तोच खडा पाण्यात टाका, क्षणात नाहीसा. पाण्यात मिठाचे दोन भाग होतात, सोडिअम आणि क्लोराइड, आणि दोघांवरही विजेचा भार असतो. असा भार असलेला कण म्हणजे आयन. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. तेलात त्याला धरणारं कुणी नसतं, म्हणून तो तेलात शिरतच नाही.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती अशाच स्निग्ध पदार्थाचं एक पातळ आवरण असतं, त्याला पेशीपटल म्हणतात. किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच ते दहा भाग, एवढी त्याची जाडी. पण आयनांसाठी ती पक्की भिंत आहे. सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, क्लोराइड यांपैकी कुणालाही आपणहून ती ओलांडता येत नाही. ओलांडायची तर पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या दारातूनच.

ही भिंत असल्यामुळेच आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी इतकं वेगळं राहतं. रक्ताच्या रिपोर्टवर सोडिअम १४० आणि पोटॅशिअम ४ असे आकडे आपण पाहतो. ते पेशीबाहेरच्या पाण्याचे आकडे आहेत. पेशीच्या आत बरोबर उलटं चित्र असतं: पोटॅशिअम १४० च्या आसपास आणि सोडिअम फक्त १० ते १५. कॅल्शिअमचा फरक तर थक्क करणारा आहे. पेशीच्या आत मोकळं कॅल्शिअम बाहेरच्या सुमारे दहा हजारांश असतं. पेशी कॅल्शिअमला एवढ्या कडक बंदोबस्तात बाहेर ठेवते, कारण ते जरासं आत आलं तरी पेशीसाठी तो हुकूम असतो. स्नायूच्या पेशीत त्या हुकमाचा अर्थ एकच: आकुंचन पाव.

दारांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला पंप. विहिरीवरच्या मोटेसारखा तो आयनांना खालून वर, म्हणजे कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे चढवतो. मोटेला बैल लागतात, पंपाला एटीपी नावाचं पेशीचं इंधन लागतं. दुसरा प्रकार चॅनल. हे दार उघडलं की आयन उतारावरून आपोआप धावतात. तिसरा प्रकार वाहक. मोटेनं वर चढवलेलं पाणी पाटातून खाली येताना जसं वाटेत कामाला लावता येतं, तसं सोडिअम उतारावरून आत येताना हे वाहक त्या ओघावर दुसरा एखादा आयन बरोबर आत आणतात, किंवा त्याच्या बदल्यात बाहेर ढकलतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहे सोडिअम-पोटॅशिअम पंप. एका फेरीत तो तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस इथे येन्स ख्रिस्तियन स्कोऊ भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंचं पटल वेगळं काढलं. त्यात एटीपी जाळणारं एक प्रथिन होतं. नुसतं सोडिअम किंवा नुसतं पोटॅशिअम घातलं तर ते मंद चालायचं, दोन्ही एकत्र घातले की एकदम जोरात. १९५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पंपाचा धागा हाती लागला. नोबेल पारितोषिक मिळायला मात्र १९९७ उजाडलं, पूर्ण ४० वर्षं. मला हा काळ फार बोलका वाटतो. आपण शांत बसलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा मोठा वाटा या एका पंपावर जातो, आणि तरी तो काय चीज आहे हे जगाच्या नीट लक्षात यायला चार दशकं गेली.

आता रक्तवाहिन्यांकडे येऊ. रक्तदाब ठरतो दोन गोष्टींवर: हृदय किती रक्त ढकलतं आणि पुढे त्याला किती अडथळा होतो. हा अडथळा मोठ्या धमन्यांत फारसा नसतो. तो असतो त्यांच्या बारीक फाट्यांत, ज्यांना धमनिका म्हणतात. धमनिकांच्या भिंतीत मृदू स्नायूंच्या पेशी गोल गुंडाळल्यासारख्या बसलेल्या असतात. त्या आवळल्या की नळीचं तोंड बारीक होतं. आणि इथे गणित मोठं कठोर आहे. अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. धमनिकेची त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तर अडथळा ५२ टक्क्यांनी वाढतो. २० टक्क्यांनी कमी झाली तर तो जवळजवळ अडीचपट होतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या आकुंचनानं पट्ट्यातला आकडा कुठल्या कुठे जातो.

ते आकुंचन घडवतं कॅल्शिअम. पेशीपटलाच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो, आतली बाजू ऋण असते. पोटॅशिअम चॅनलमधून पोटॅशिअम हळूहळू बाहेर झिरपत राहतं, म्हणून आतली बाजू ऋण राहते. हा फरक कमी झाला की कॅल्शिअमची चॅनल उघडतात. कॅल्शिअम आत येतं, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ते एका विकराला (एन्झाइमला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) जागं करतं आणि त्यामुळे मायोसिनचे तंतू ओढ घेऊ लागतात. धमनिका आवळते.

आत्याची पहिली गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, नेमकी याच कॅल्शिअम चॅनलवर बसते. दार पुरतं बंद होत नाही, पण कमी उघडतं. या जातीच्या औषधांची कल्पना जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या अल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आली. काही औषधं दिल्यावर हृदयाचा स्नायू कॅल्शिअम काढून घेतल्यासारखा वागतो, हे त्यांनी ओळखलं आणि या औषधांना कॅल्शिअमविरोधी असं नाव दिलं.

अ‍ॅम्लोडिपिन सुरू केल्यावर अनेकांचे घोटे सुजतात, तेही यातूनच समजतं. धमनिका सैल होतात, पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला पाझरतं. पायाला पाणी सुटलं म्हणजे किडनी बिघडली असं समजून गोळी परस्पर बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नये, डॉक्टरांना सांगावं. टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडीला असली की शिराही थोड्या सैल होतात आणि सूज कमी होते.

पण काही माणसांच्या धमनिका मुळात जास्त का आवळलेल्या असतात? या प्रश्नानं १९७० आणि ८० च्या दशकांत संशोधकांना अक्षरशः झपाटलं होतं. अडचण अशी होती की जिवंत माणसाच्या धमनिकेतली पेशी काढून तपासता येत नाही. पण रक्त काढता येतं. तांबड्या पेशीत केंद्रकही नसतं, ती जवळपास पटलाची एक पिशवीच असते. मग पटलाचाच दोष असेल तर तो तिथेही दिसायला हवा. पॅरिसमध्ये गाराय आणि मेयर, बोस्टनमध्ये मित्सी कानेसा आणि सहकारी या वाटेनं गेले. कानेसा यांनी एक सुंदर युक्ती वापरली. सोडिअमची अदलाबदल करणारा एक वाहक लिथिअमलाही सोडिअम समजून नेतो. शरीरात एरवी लिथिअम जवळजवळ नसतंच, त्यामुळे पेशीतून किती लिथिअम बाहेर पडलं हे अचूक मोजता येतं. १९८० साली त्यांनी दाखवलं की उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही अदलाबदल सरासरीनं बरीच जास्त असते, आणि त्यांच्या जवळच्या नातलगांतही ती वाढलेली दिसते.

मॉस्कोत युरी पोस्तनोव आणि सेर्गेई ओर्लोव याच्याही पुढे गेले. क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये अशा उंदरांचा वंश तयार केला होता ज्यांचा रक्तदाब वयाबरोबर आपोआप वाढतो. त्या उंदरांच्या आणि माणसांच्या निरनिराळ्या पेशी तपासून या दोघांनी मांडलं की दोष एका अवयवात नसून साऱ्या शरीरातल्या पेशीपटलांत पसरलेला आहे, आणि पटलाला कॅल्शिअम आवरता येत नाही हे त्याचं मुख्य लक्षण आहे. १९८५ मधला त्यांचा मोठा आढावालेख या विचाराचा कळस म्हणता येईल.

त्याच सुमारास मॉर्डेकाय ब्लॉस्टीन यांनी मीठ आणि कॅल्शिअम यांना जोडणारी साखळी सुचवली होती, १९७७ मध्ये. ती सावकाश वाचा, कारण ती फार देखणी आहे. मृदू स्नायूच्या पटलात एक वाहक सोडिअम आत घेतो आणि त्या बदल्यात कॅल्शिअम बाहेर टाकतो. त्याला जोर मिळतो सोडिअमच्या उतारातून. आता समजा सोडिअम पंप मंदावला. पेशीत सोडिअम साठलं, उतार कमी झाला, आणि कॅल्शिअम बाहेर टाकणाऱ्या वाहकाचा जोरच गेला. कॅल्शिअम आत राहिलं, धमनिका आवळलेली राहिली. पंप मंदावतो कशानं? ब्लॉस्टीन आणि इंग्लंडमधले डी वॉर्डनर, मॅकग्रेगर यांचं म्हणणं असं की शरीरात मीठ साठलं की पंपाला आवर घालणारं एखादं द्रव्य शरीर स्वतःच रक्तात सोडतं. मूत्रपिंडानं मीठ बाहेर टाकावं, हा त्यामागचा हेतू. रक्तवाहिन्या आवळतात, ते त्याचं मोल.

ही साखळी नुसती कल्पना नाही हे हृदयाच्या एका जुन्या औषधावरून दिसतं. डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारं डिगॉक्सिन पंपाला रोखतं आणि याच मार्गानं हृदयाच्या पेशीत कॅल्शिअम वाढवून त्याचा ठोका जोरकस करतं. शरीरातच तयार होणाऱ्या अशा द्रव्याचा शोध मात्र अवघड ठरला. १९९१ साली माणसाच्या रक्तातून ओआबेनसारखं (ओआबेन म्हणजे डिगॉक्सिनसारखंच पंप रोखणारं वनस्पतींतलं द्रव्य) द्रव्य वेगळं काढल्याचं जाहीर झालं, आणि ते नेमकं काय आहे यावर पुढे बरीच वर्षं वाद झडले.

तांबड्या पेशींची चाचणी दवाखान्यात कधीच आली नाही. सरासरीत फरक होता, पण निरोगी माणसांचे आणि रुग्णांचे आकडे एकमेकांत एवढे मिसळलेले होते की समोरच्या एका माणसाबद्दल त्यावरून काही सांगता येईना. तरीही त्या काळातल्या कामाला मी फसलेलं म्हणणार नाही. रक्तदाबाचं कारण हृदयात आणि नळ्यांत शोधायची सवय होती. या लोकांनी ते आयनांच्या ये-जा करण्यात शोधायला शिकवलं. योग्य प्रश्न त्यांनी विचारला, उत्तर थोडं दूर, दुसऱ्या अवयवात निघालं.

तिकडे वळण्याआधी मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. तिच्या मुळीच्या गोळ्या त्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. तोवर रक्तदाबावर हाताशी धड औषधच नव्हतं, आणि त्या लेखानं जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन काम करतं तेही एका पटलावरच्या वाहकावर. मज्जातंतूच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्या पिशवीचा वाहक हायड्रोजन आयन बाहेर सोडून त्या बदल्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आत घेतो. रेसरपिन तो वाहक अडवतं, पिशव्या रिकाम्या राहतात आणि रक्तवाहिन्यांना आवळण्याचा निरोपच पोहोचत नाही. मेंदूतल्या पिशव्याही रिकाम्या होतात, म्हणून मन खिन्न होण्याचा त्रास व्हायचा आणि पुढे हे औषध मागे पडलं.

आता मूत्रपिंड. दिवसभरात दोन्ही मूत्रपिंडांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यात किती मीठ असतं याचा हिशेब करून पाहा: रिपोर्टवरचं सोडिअम १४० म्हणजे लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम मीठ, त्याला १८० नं गुणलं तर जवळजवळ दीड किलो. रोज! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं, आणि हे सगळं काम मूत्रनलिकेच्या पेशींच्या पटलांवरची दारं करतात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात साधारण दोन तृतीयांश. पुढच्या जाड चढत्या भागात पाव हिस्सा, तिथे सोडिअम, पोटॅशिअम आणि दोन क्लोराइड एकत्र आत नेणारा वाहक असतो. पाय किंवा फुप्फुसं पाण्यानं भरली की दिलं जाणारं फ्युरोसेमाइड त्याला अडवतं. त्याच्या पुढे सोडिअम-क्लोराइड वाहक, जेमतेम पाच-सात टक्क्यांचा धनी. आत्याची तिसरी गोळी, क्लोरथॅलिडोन, याच्यावर बसते. आणि अगदी शेवटी सोडिअमचं एक चॅनल, ज्याची दोरी अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हॉर्मोनच्या) हाती असते. तिथे सोडिअम आत येतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशिअम लघवीत जातं.

दीड किलोतले शेवटचे दोन-चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. शेवटच्या दारांतली बारीकशी ढिलाई किंवा घट्टपणा आपल्या ताटातल्या सगळ्या मिठापेक्षा मोठा असू शकतो.

याचा ठोस पुरावा दोन दिशांनी आला. पहिला उंदरांकडून. अमेरिकेत लुइस डाल यांनी मिठानं रक्तदाब वाढणारे आणि न वाढणारे असे दोन वंश वेगळे केले आणि त्यांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली. रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागे गेला. मिठाला संवेदनशील उंदराचं मूत्रपिंड ज्याला बसवलं, त्याचा दाब चढू लागला.

दुसरा पुरावा माणसांच्या दुर्मीळ आजारांतून आला. १९६३ मध्ये ग्रँट लिडल यांनी एका कुटुंबाचं वर्णन केलं. कोवळ्या वयात रक्तदाब फार जास्त, रक्तात पोटॅशिअम कमी, म्हणजे अल्डोस्टेरॉन वाढलं असावं असं वाटावं. पण मोजलं तर ते जवळपास नाहीच. कोडं सुटायला ३१ वर्षं लागली. १९९४ मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाला दिसलं की या लोकांत सोडिअम चॅनलच्या प्रथिनाची शेपटी तुटलेली आहे. एरवी चॅनल जुनं झालं की पेशी त्या शेपटीवरची खूण ओळखून ते आत ओढते आणि मोडीत काढते. शेपटीच नाही, तर काढणार कसं? दारं पटलावर साचत जातात आणि अल्डोस्टेरॉन नसतानाही सोडिअम शोषत राहतात. म्हणून या रुग्णांत अल्डोस्टेरॉन अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन उपयोगी पडत नाही, चॅनलच बंद करणारं अ‍ॅमिलोराइड पडतं. लिडल यांच्या मूळ रुग्णाचं मूत्रपिंड पुढे निकामी झालं, प्रत्यारोपण झालं, आणि नव्या मूत्रपिंडाबरोबर हा आजारही गेला. एका प्रथिनाच्या शेपटीवर आयुष्यभराचा रक्तदाब टांगलेला होता.

याच्या उलट गिटेलमन आजारात सोडिअम-क्लोराइड वाहक जन्मतः कमजोर असतो, मीठ वाहून जातं आणि दाब कमी राहतो. लिफ्टन यांच्याच गटानं २००८ मध्ये फ्रामिंगहॅम या अमेरिकन गावातल्या सर्वसामान्य लोकांची जनुकं तपासली तेव्हा असं दिसलं की अशा वाहकाच्या जनुकाची एकच प्रत बिघडलेली असली तरी रक्तदाब इतरांपेक्षा कमी असतो. म्हणजे ही दारं दुर्मीळ आजारांपुरती महत्त्वाची नाहीत.

आणखी एक उदाहरण फार बोलकं आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथीत कधीकधी एक छोटी गाठ होते आणि ती अल्डोस्टेरॉन ओतत राहते. २०११ मध्ये कळलं की अशा अनेक गाठींत एका पोटॅशिअम चॅनलचा चाळणीचा भाग बिघडलेला असतो. फक्त पोटॅशिअमला वाट देणारं दार सोडिअमलाही आत घेऊ लागतं. आतला ऋण भार कमी होतो, कॅल्शिअमची चॅनल उघडतात, आणि कॅल्शिअमचा हुकूम मिळालेली ही पेशी आकुंचन पावत नाही, संप्रेरक तयार करते. तरुण वयात बीपी, तीन औषधांनीही आटोक्यात न येणारं बीपी किंवा वारंवार कमी पोटॅशिअम असेल, तर डॉक्टर या गाठीचा शोध घेतात तो यासाठी.

आत्याची मधली गोळी राहिली. टेल्मिसार्टन कुठल्याच आयनाच्या दारावर बसत नाही. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक ज्या घंटेनं दारांना उठवतं, ती घंटा ते झाकून ठेवतं. अँजिओटेन्सिन धमनिकेत कॅल्शिअम वाढवतं, नलिकेच्या सुरुवातीला सोडिअम शोषायला लावतं आणि अल्डोस्टेरॉन सोडवून शेवटचं चॅनलही उघडतं. आता तीन गोळ्यांचा मेळ दिसतो. क्लोरथॅलिडोननं मीठ बाहेर गेलं की शरीर घाबरून अँजिओटेन्सिन वाढवतं, ते टेल्मिसार्टन निष्फळ करतं. अ‍ॅम्लोडिपिन धमनिका सांभाळतं. एकाच गोळीचा डोस दुप्पट केला तर फायदा थोडा आणि त्रास जास्त होतो, कारण एक दार कितीही दाबून धरलं तरी शरीर दुसरं उघडतं.

पोटॅशिअमबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण मिठाबद्दल सगळे बोलतात आणि याच्याबद्दल कुणीच नाही. सोडिअम-क्लोराइड वाहक ज्या पेशीत असतो, ती पेशी रक्तातलं पोटॅशिअम सतत चाचपत असते. आहारात पोटॅशिअम कमी पडलं की पेशीतलं पोटॅशिअम जास्त बाहेर झिरपतं, आतली बाजू अधिक ऋण होते आणि तो ऋण भार क्लोराइडला बाहेर ढकलतो. पेशीत एक विकर असतं, ज्याला क्लोराइडनं बांधून ठेवलेलं असतं. क्लोराइड गेलं की ते मोकळं होतं आणि वाहकाला कामाला लावतं. परिणाम असा की ताटात मीठ भरपूर असूनही, केवळ पोटॅशिअम कमी म्हणून, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. भाजी, डाळ, फळं कमी आणि पापड, फरसाण, वेफर्स जास्त, हा आहार या पेशीला दोन्हीकडून चुकीचा निरोप देतो. केळं, नारळपाणी, पालक, शेवग्याच्या शेंगा, मूग-मटकीच्या उसळी हे आपल्या स्वयंपाकातलं पोटॅशिअम.

याची मोठी परीक्षा चीनमध्ये झाली. ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचं मीठ आणि निम्म्यांना तीन भाग सोडिअम क्लोराइड व एक भाग पोटॅशिअम क्लोराइड असं मीठ दिलं. जवळजवळ पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: दुसऱ्या गटात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. मीठ तेवढंच चवीला, डबाही तोच, बदलला तो फक्त आयन.

इथे एक गैरसमज दूर करतो. सैंधव खाल्लं तर बीपी वाढत नाही, असं घरोघरी ऐकू येतं. सैंधव मीठही जवळजवळ सगळं सोडिअम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग येतो तो अत्यल्प इतर क्षारांमुळे. नलिकेतल्या वाहकाला रंग दिसत नाही, सोडिअम दिसतं. उपासाच्या दिवशी आवडीनं घ्या, पण बीपीचं औषध म्हणून दुप्पट घालू नका.

हे वाचून कुणी लगेच पोटॅशिअमवाल्या मिठाचा पुडा आणायला निघेल, म्हणून सांगतो. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर पोटॅशिअम बाहेर टाकणारा मार्ग आधीच अरुंद झालेला असतो. वरून असं मीठ घेतलं तर रक्तातलं पोटॅशिअम इतकं वाढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडतो. वर सांगितलेला ऋण भार पोटॅशिअमच्याच उतारावर उभा असतो, तोच कोलमडतो. आत्या टेल्मिसार्टन घेते, म्हणून तिला मी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस म्हणून सांगितलं.

तिच्या बाबतीत उलटा प्रकारही होऊन गेला आहे. सुरुवातीला तिला नुसती क्लोरथॅलिडोन होती, तेव्हा रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे आणि पोटॅशिअम ३.२ आलं होतं. मधला वाहक अडवला की जास्त सोडिअम शेवटच्या चॅनलपाशी पोहोचतं, ते तिथे आत शिरतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशिअम लघवीतून जातं. टेल्मिसार्टन जोडल्यावर अल्डोस्टेरॉन कमी झालं आणि ही गळती थांबली. म्हणूनच अशी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत सोडिअम, पोटॅशिअम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतात. ती चाचणी चुकवू नका, आणि रिपोर्टवरचा पोटॅशिअमचा आकडा स्वतः वाचा. आत्याचा या वेळचा ४.१ आहे.